दोनशे वर्षांचं विटांचं घर कसं वाचावं: सेलमच्या फेडरल घरांवरून

भारतातून पाहुणे आले की त्यांना सेलममध्ये चेटकिणी बघायच्या असतात. १६९२ च्या खटल्यांमुळे मॅसॅच्युसेट्समधल्या या गावाचं नाव जगभर झालं, त्यामुळे ते साहजिकच आहे. मी मात्र त्यांना आधी एसेक्स स्ट्रीटवर नेते आणि गार्डनर-पिंगरी हाउसच्या समोरच्या फुटपाथवर उभं करते. घराजवळ जाऊ देत नाही. विटांचं जुनं घर पहिल्यांदा लांबूनच बघायचं, ही सवय मला वाईत लागली.

मी गवंड्याची मुलगी. आमचे आण्णा मला सायकलवर बसवून मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा दाखवायला न्यायचे, आणि आत शिरण्याआधी बाहेर उभं राहून जोतं, विटा, चुना, लाकूड असं खालून वर वाचून दाखवायचे. पुढे लग्नानंतर इथे आले, काही वर्षांनी विटांचं एक जुनं लहानसं घर घेतलं, आणि आण्णांची शिकवण या भिंतींना जशीच्या तशी लागू पडते हे लक्षात आलं. मेणवलीचा वाडा आणि इथली ही घरं यांच्यात फार तर तीन-चार दशकांचं अंतर आहे. चुना दोन्हीकडे आहे.

ज्यांना असं घर घ्यायचं आहे, किंवा ज्यांनी घेतलं आहे आणि आता कशाला हात लावावा ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

रस्त्याच्या पलीकडून

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेत नवं संघराज्य उभं राहिलं, त्या काळातली ही शैली, म्हणून तिला फेडरल म्हणतात. ढोबळमानाने १७८० ते १८२०, काही गावांत १८३० पर्यंत. मूळ कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट अ‍ॅडमची. पाँपेई आणि हर्क्युलेनियमच्या उत्खननातून रोमन घरांच्या आतली नाजूक सजावट बाहेर आली होती, आणि अ‍ॅडमने ती आपल्या कामात आणली. इकडे बॉस्टनमध्ये चार्ल्स बुलफिंच आणि सेलममध्ये सॅम्युअल मॅकिंटायर यांनी तिला इथलं रूप दिलं. मॅकिंटायर मूळचा लाकडावर कोरीवकाम करणारा. गार्डनर-पिंगरी हाउस त्याचंच मानलं जातं, १८०४-०५ चं. त्याने आतल्या लाकडावर कोरलेल्या गव्हाच्या पेंढ्या बघायला तरी एकदा संग्रहालयाचं तिकीट काढा.

समोरून काय बघायचं? आधी घराचा एकूण आकार. चौकोनी, पेटीसारखा, बहुतेक तीन मजले, छप्पर इतकं कमी उताराचं की खालून दिसतच नाही, आणि त्याच्या कडेने लाकडी कठडा. दार मधोमध, दोन्हीकडे खिडक्या सारख्या. मग वर नजर न्या. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या खालच्यांपेक्षा बुटक्या असतात. त्यामुळे घर आहे त्यापेक्षा उंच वाटतं आणि वरचा भाग जड वाटत नाही.

नंतर दार. दारावर पंख्यासारखं उघडलेलं अर्धगोल किंवा लंबवर्तुळाकार तावदान, त्याला फॅनलाइट म्हणतात, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना काचेच्या अरुंद पट्ट्या. पुढे छोटा पोर्च, त्याचे खांब बारीक. हा बारीकपणाच मुख्य खूण. याच्या आधीच्या जॉर्जियन घरांत सगळं जाडजूड असतं: खिडकीच्या काचांमधल्या लाकडी पट्ट्या जाड, दाराची चौकट जड. फेडरलमध्ये त्याच पट्ट्या बोटाएवढ्या होतात. नंतरच्या ग्रीक रिव्हायव्हलमध्ये खांब पुन्हा जाड होतात आणि दारावरचा पंखा जाऊन सरळ आयताकृती काच येते. एवढं लक्षात ठेवलं तरी दहातल्या आठ घरांचा काळ रस्त्यावरून सांगता येतो.

लाकूड मुबलक असलेल्या या मुलखात विटांची घरं का, असा प्रश्न पाहुणे हमखास विचारतात. एक कारण पैसा. सेलमची जहाजं सुमात्राहून मिरी आणत, सुरत-मुंबईहून सुती कापड आणत. १७९९ मध्ये इथल्या कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेल्यालाच तिथे प्रवेश. त्यांनी आणलेल्या वस्तूंतून आजचं पीबॉडी एसेक्स म्युझियम उभं राहिलं. मुंबईत अमेरिकन जहाजांची कामं बघणारे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं चित्र तिथे आहे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा बराच वेळ समोरून हलले नव्हते. गावातल्या या विटांमागे मुंबईच्या बंदरातला व्यवहारही आहे, हे तिथे कळलं.

दुसरं कारण आग. बॉस्टनसाठी १८०३ मध्ये कायदा झाला: दहा फुटांपेक्षा उंच इमारत विटांची किंवा दगडाची हवी. उत्तरेला न्यूबरीपोर्टमध्ये १८११ साली गावाचा मध्यभाग जळला आणि पुन्हा बांधला तो विटांनी. आज तिथल्या स्टेट स्ट्रीटवर एकसारखी फेडरल दुकानं ओळीने दिसतात ती त्या आगीमुळेच.

आता भिंतीला नाक लावा

रस्ता ओलांडा आणि विटांची मांडणी बघा. पुढच्या भिंतीत प्रत्येक थरात एक वीट लांब बाजूने, पुढची आखूड बाजूने, पुन्हा लांब, पुन्हा आखूड असं दिसलं तर तो फ्लेमिश बाँड. वरच्या थरातली आखूड वीट खालच्या लांब विटेच्या बरोबर मध्यावर येते. याला निवडलेल्या विटा लागतात, वेळ लागतो, मजुरी जास्त. म्हणून मालक तो लोकांना दिसणाऱ्या बाजूलाच करून घेत. घराच्या बाजूला वळा. तिथे बहुतेक वेळा लांब विटांचे पाच ते सात थर आणि मग आखूड विटांचा एक थर, अशी साधी बांधणी असते. आखूड वीट म्हणजे भिंतीच्या जाडीत आत गेलेली वीट. ती भिंतीची पुढची आणि मागची बाजू एकत्र बांधून ठेवते. पुढच्या भिंतीत आखूड विटा मुळीच दिसत नसतील, नुसत्या लांब विटा आणि केसासारखे सांधे असतील, तर ती भिंत बहुधा १८२० च्या नंतरची, किंवा नंतर नव्याने बांधलेली.

एकेका विटेकडेही बघा. या विटा लाकडी साच्यात हाताने थापलेल्या. कडा सरळ नसतात, रंग एकसारखा नसतो: भट्टीत आगीजवळची वीट काळपट, लांबची फिकट, साल्मन माशाच्या मांसासारखी गुलाबी. गुलाबी वीट कच्ची, ती भिंतीच्या आतल्या बाजूला घालत. आमच्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एका विटेत तीन बोटांचे ठसे आहेत. ओली वीट साच्यातून काढून वाळत ठेवताना उमटलेले. माझी बोटं त्यात बसत नाहीत, माझ्या मुलीची ती नऊ वर्षांची असताना बसायची. वीटभट्टीवर साचे वाहून न्यायला पोरं असत. गेली अनेक वर्षं त्या भिंतीजवळून जाताना माझा हात आपोआप तिकडे जातो.

खिडक्या-दारांवर काय आहे तेही पाहून ठेवा: संगमरवर, तपकिरी वाळूचा दगड, की विटांचीच सपाट कमान. विटांची कमान मध्यावर खचलेली असेल, सांधे जिन्याच्या पायऱ्यांसारखे तिरके फाटले असतील, तर पुढचं काही करण्याआधी इंजिनिअरला बोलवा. ओळंबा सोडून भिंत बाहेर फुगली आहे का ते स्वतः तपासता येतं.

तळघर आणि माळा

घर खरं बोलतं ते इथे, कारण इथे कोणी रंगरंगोटी केलेली नसते. बरोबर चांगली बॅटरी न्या.

खिळे बघा. चारही बाजूंनी निमुळता होत गेलेला, डोक्यावर हातोडीचे घाव असलेला खिळा लोहाराने घडवलेला. दोनच बाजूंनी निमुळता आणि उरलेल्या दोन बाजू समांतर असलेला खिळा पत्र्यातून यंत्राने कापलेला. न्यूबरीपोर्टच्या जेकब पर्किन्सने अशा यंत्राचं पेटंट १७९५ मध्ये घेतलं, त्यामुळे आपल्या भागातल्या घरांना ही खूण फार उपयोगी. आजच्यासारखा गोल तारेचा खिळा साधारण १८९० पासूनचा.

मग लाकूड. फळीवर आडव्या, सरळ, समांतर रेघा असतील तर ती पाणचक्कीवरच्या खालीवर होणाऱ्या करवतीने कापलेली. चंद्रकोरीसारखे ओरखडे म्हणजे गोल करवत, बहुतेक १८३० च्या पुढची. भिंतीचा गिलावा कुठे निघाला असेल तर मागच्या लाकडी पट्ट्या बघा: एकाच पातळ फळीला चिरा पाडून, ताणून ठोकलेल्या असतील तर जुन्या.

शेकोटीसमोरही बसा. ती उथळ असेल, आतल्या दोन्ही बाजू तिरक्या होऊन मागे अरुंद होत असतील, तर ती रमफर्डच्या पद्धतीची. काउंट रमफर्ड म्हणजे इथून जवळच्याच वोबर्न गावचा बेंजामिन थॉम्पसन. उष्णता धुराबरोबर वर न जाता खोलीत यावी म्हणून त्याने १७९६ च्या सुमारास हा आकार मांडला आणि लोकांनी जुन्या खोल शेकोट्या आतून बदलून घेतल्या.

एका खुणेवर मात्र विसंबू नका. जुनं लाकूड पुन्हा वापरत, खिळे नंतर ठोकत. निदान तीन खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच ते वर्ष धरा.

कागद

आम्ही घर घेतलं तेव्हा विक्रीच्या कागदावर ‘१७९०’ लिहिलं होतं. माळ्यावर छपराच्या फळ्यांना यंत्राने कापलेले खिळे सापडले तेव्हा मला शंका आली. ती कागदांनी फेडली, आणि त्याचा क्रम असा.

आपल्या मालकीच्या दस्तापासून सुरुवात करून मागे जायचं. सेलममध्ये रजिस्ट्री ऑफ डीड्सचे दस्त सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. विकणाऱ्याचं नाव घ्यायचं, त्याने ते कधी विकत घेतलं ते खरेदीदारांच्या सूचीत शोधायचं, की पुढचा दुवा मिळतो. दुवा तुटला तर बहुधा घर वारशाने आलेलं असतं. मग प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्रांचे कागद बघायचे. त्यात कधी कधी खोलीवार सामानाची यादी मिळते आणि कोणती खोली कशासाठी होती ते कळतं. प्रत्येक दस्तात जमिनीच्या वर्णनाचे शब्द नीट वाचा. नुसती ‘जमीन’ होती ती कोणत्या दस्तापासून ‘जमीन व तीवरील विटांचं राहतं घर’ झाली, आणि किंमत कुठे एकदम वर गेली, त्या दोन दस्तांच्या मधे घर बांधलेलं असतं.

मॅसॅच्युसेट्स आणि मेनमधल्या लोकांना आणखी एक मोठी सोय आहे. १७९८ मध्ये केंद्र सरकारने घरांवर कर बसवला आणि त्यासाठी घरांची मोजदाद केली: कशाचं घर, किती मजले, किती खिडक्या, किंमत किती. या दोन राज्यांच्या याद्या बऱ्याच टिकून आहेत. घर १७९० चं असेल तर ते १७९८ च्या यादीत हवं. आमचं नव्हतं. तेव्हाच्या मालकाच्या नावावर तिथे फक्त मोकळी जागा होती. पुढे दस्तांत ‘विटांचं घर’ १८१६ मध्ये पहिल्यांदा येतं. सव्वीस वर्षं कमी झाल्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच त्या घराशी खरी ओळख झाल्यासारखं वाटलं.

नंतरचे फेरफार समजायला सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे बघा. त्यांत विटांची इमारत गुलाबी आणि लाकडी इमारत पिवळी रंगवलेली असते. मागची पडवी कधी जोडली, ते दोन नकाशे शेजारी ठेवले की दिसतं. सेलममध्ये हे सगळं स्वतः करणं जमत नसेल तर १९४४ पासून काम करणारी हिस्टॉरिक सेलम ही संस्था घराचा इतिहास काढून दारावर पाटी देते: पहिल्या मालकाचं नाव, त्याचा धंदा आणि साल. मोठ्या कप्तानांच्या पाट्यांइतक्याच मला सुताराच्या, दोर वळणाऱ्याच्या पाट्या आवडतात.

दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरणं: इथे चूक करू नका

इथवर सगळं बघणं होतं. हात लावायची वेळ येते ती बहुतेक वेळा सांध्यांमुळे, आणि सगळ्यात जास्त घरं इथेच नासतात.

आम्ही घर घेण्याच्या काही वर्षं आधी कोणा कंत्राटदाराने पश्चिमेच्या भिंतीतले सांधे सिमेंटने भरले होते. दिसायला काम स्वच्छ होतं. आमच्या तिसऱ्या हिवाळ्यानंतर, बर्फ वितळल्यावर, भिंतीच्या पायाशी लाल पापुद्रे पडलेले दिसले, नाण्याएवढे, काही तळहाताएवढे. वर पाहिलं तर सांधे जसेच्या तसे उभे आणि विटांचे चेहरे गळून गेलेले. सिमेंटची जाळी पुढे आणि विटा आत गेलेल्या. त्या दिवशी मी आण्णांना फोटो पाठवला. त्यांनी फोन करून एकच विचारलं, “चुन्याच्या भिंतीला सिमेंट कुणी घातलं गं?”

कारण समजून घ्या. जुनी हाताची वीट मऊ आणि सच्छिद्र असते. पावसाचं, जमिनीतल्या ओलीचं पाणी भिंतीत शिरतं, आणि चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असल्यामुळे त्यातून सुकून बाहेर जातं. झीज होते ती सांध्याची, आणि सांधा पुन्हा भरता येतो. सिमेंट ही वाट बंद करतं. मग पाणी विटेतून बाहेर पडू बघतं, बरोबरचे क्षार विटेच्या तोंडाशी साठतात, लोणा लागतो, आणि थंडीत तेच पाणी गोठून फुगलं की विटेचा चेहरा उडतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, आणि अमेरिकेत त्याचा वापर वाढला तो १८७० नंतर. म्हणजे फेडरल घराच्या मूळ सांध्यात ते असूच शकत नाही.

आधी ओळखा. घराच्या किल्लीने सांधा खरवडा. चुना असेल तर वाळूसारखी भुकटी पडते आणि तिच्यात साबुदाण्याएवढे पांढरे कण दिसतात. ते नीट न मिसळलेल्या चुन्याचे गोळे. मेणवलीच्या भिंतीतही मी ते पाहिले आहेत. सिमेंट असेल तर भुकटी पडत नाही, राखाडी सांध्यावर किल्लीचीच चकाकती रेघ उठते.

जिथे सांधा खोल गेला आहे, भुसभुशीत झाला आहे, तेवढाच भरा. दोनशे वर्षांचा घट्ट सांधा उकरण्यात काही शहाणपण नाही. आणि त्याआधी छपराची पन्हळ तपासा, कारण पाणी वरून गळत असेल तर खालचं काम एका हिवाळ्यात वाया जाईल. घर ऐतिहासिक विभागात असेल, जसा सेलममधला मॅकिंटायर डिस्ट्रिक्ट, तर तिथल्या आयोगाला काम सुरू करण्याआधी विचारा.

जुना माल हातोडी आणि अरुंद छन्नीने काढा. फेडरल घराचे सांधे पाव इंचाचे असतात. फिरत्या पात्याचं यंत्र विटेची कड कापतंच, आणि कापलेली कड परत येत नाही. सांधा निदान त्याच्या रुंदीच्या दोन-अडीच पट खोल उकरा, मी एक इंचापर्यंत जाते. धुळीसाठी चांगला मास्क लावा. चुना डोळ्यांत गेला तर भाजतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच.

माल साधा आहे: एक भाग मुरवलेला चुना, अडीच ते तीन भाग वाळू. आण्णांच्या लहानपणी कळीचा चुना विझवून बैलाच्या घाण्यात मळत, वर गूळ, हिरडा, बेलफळ घालत. इथे मुरलेला चुना बादलीत मिळतो आणि मळायचं काम यंत्र करतं. खरा वेळ द्या तो वाळूला. सांध्याचा रंग चुन्यापेक्षा वाळूवर ठरतो. जुन्या मालाचा एक तुकडा चुरून सौम्य आम्लात टाका, चुना विरघळतो आणि तळाशी मूळची वाळू उरते. तिच्याशी जुळणारी वाळू शोधायला मला दोन महिने आणि तीन खाणी लागल्या. मग भिंतीच्या मागच्या बाजूला हातभर जागेत नमुना भरून तो महिनाभर सुकू द्या. ओल्या मालाचा रंग फसवतो.

भरण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिंत पाण्याने भिजवा. विटा ओलसर हव्यात, वरून पाणी ओघळत नको. माल पाव पाव इंचाच्या थरांत दाबून भरा. आधीच्या थरावर अंगठा दाबला की ठसा उमटेल पण माल अंगठ्याला लागणार नाही, तेव्हा पुढचा थर. शेवटचा थर विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवा. कडेवर माल आला की सांधा जाड दिसतो आणि घराचा सगळा बारीकपणा जातो. मग ओलं गोणपाट टांगा आणि निदान आठवडाभर सुकू देऊ नका. तापमान ५ अंश सेल्सियसखाली जाणार असेल तर काम काढूच नका. मी मे ते सप्टेंबर एवढाच काळ धरते, आणि भर उन्हात असलेली बाजू दुपारी सोडून देते.

आमची पश्चिमेची भिंत अशी करायला तीन उन्हाळे लागले. चेहरा गेलेल्या विटांपैकी बऱ्याचशा जपून काढून उलट्या बसवल्या, आतली बाजू बाहेर. ती अजून धडधाकट होती. अकरा विटा मात्र बदलाव्या लागल्या, त्या पाडलेल्या एका जुन्या घरातून मिळाल्या.

काम संपल्यावर उरलेल्या वाळूची एक बरणी भरा. तिच्यावर वाळू कुठली, चुना कुठला, प्रमाण काय, कोणती भिंत आणि कोणतं साल हे लिहून चिठ्ठी लावा. जुन्या सांध्याचा मूळ तुकडाही तिच्यातच ठेवा. बरणी तळघरात, पायऱ्यांखालच्या फळीवर. पुढे जो कोणी हे घर घेईल त्याला वाळू शोधायला दोन महिने लागायला नकोत.